करवतीचा जोर आणि मिस्त्रीचे अर्धे काम

बांधावरची बाभूळ छाटायला आणि माजलेली सुबाभूळ काढायला आता गावोगाव पेट्रोलवरची करवत आली आहे. तिच्या मागोमाग मिस्त्रीही आला. "सायलेन्सर मोकळा करून देतो, दीडपट जोर येईल," असे तो सांगतो. त्याला हात लावू देऊ नका, असे आम्ही म्हणणार नाही. पैसे मोजून घेतलेले यंत्र उघडण्याचा हक्क शेतकऱ्याचा आहे. बियाण्यात जे स्वातंत्र्य आपण मागतो तेच इथेही. आमचा आक्षेप अर्ध्या कामाला आहे.

टू-स्ट्रोक करवतीत मोटारीसारखे व्हॉल्व्ह नसतात. सिलिंडरच्या भिंतीतली भोके पिस्टनच उघडतो आणि झाकतो. जळलेला धूर जितका मोकळा बाहेर जाईल तितका ताजा भरणा आत येतो. आवाज आणि ठिणग्या अडवण्यासाठी कंपनी सायलेन्सरचे तोंड बारीक ठेवते. ते वाढवले की जोर वाढतो, हे खरेच आहे. पण इंजिन आता हवा जास्त ओढते आणि त्या मानाने पेट्रोल कमी पडते. या इंजिनाचे ऑईल पेट्रोलमधूनच जाते, ५० ला १ म्हणजे लिटरला २० मिली. पेट्रोल तुटले की वंगण तुटले, गारवाही तुटला. पिस्टन तापून फुगतो आणि सिलिंडरला चिकटतो. दोन दिवस करवत वाऱ्यासारखी चालते, नंतर सिलिंडर-पिस्टनचा खर्च. मिस्त्री म्हणतो, ऑईलच भेसळीचे होते!

राहिलेले अर्धे काम म्हणजे कार्ब्युरेटरवरचा 'एच' खुणेचा स्क्रू थोडा सोडून पेट्रोल वाढवणे. पूर्ण रेसवर, लाकडात नसताना, इंजिन किंचित फडफडत चालले पाहिजे. लाकडात घातले की आवाज स्वच्छ झाला पाहिजे. रिकामी असतानाच ती शिट्टीसारखी किंचाळत असेल तर समजा, पेट्रोल कमी पडते आहे. ताबडतोब बंद करा. त्यात २०२५ मध्ये पेट्रोलमधील इथेनॉल २० टक्क्यांवर गेले. इथेनॉलमध्ये स्वतःचाच ऑक्सिजन असतो, म्हणून स्क्रू न हलवताही मिश्रण आणखी पातळ होते. (उसाला भाव मिळावा म्हणून इथेनॉल, त्याची झळ मात्र कोरडवाहूच्या करवतीला.) पुष्कळ करवतींवर हा स्क्रू फार फिरू नये म्हणून प्लास्टिकची टोपी बसवलेली असते. परदेशातल्या धुराच्या नियमांपायी आलेली ही टोपी आपल्या पेट्रोलला विचारून बसवलेली नाही.

सिलिंडरखालचे पॅकिंग काढून दाब वाढवणारेही आहेत. पिस्टन आणि माथा यांच्यात अर्धा मिलिमीटर तरी अंतर उरते का, हे मऊ शिशाची तार आत दाबून मोजावे लागते. जो मोजत नाही त्याच्याकडे मशीन देऊ नका. धुराचे भोक कानशीने रुंद करण्याच्या फंदात तर पडूच नका; भोक अती रुंद झाले की रिंग त्यात अडकून तुटते.

सायलेन्सर उघडला तरी ठिणगी अडवणारी जाळी परत बसवलीच पाहिजे. वाळलेली पऱ्हाटी आणि कडब्याची गंजी यांच्याजवळ ही करवत चालते. वर्षाची वैरण एका ठिणगीत जाते.

आणि हा प्रयोग पाठीवरच्या इंजिन पंपावर मुळीच नको. तिथे जोर वाढला की तुषार अधिक बारीक होतो, हवेत तरंगतो आणि फवारणाऱ्याच्याच नाकात जातो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात डोक्याइतक्या कपाशीत फवारताना विषबाधेने माणसे गेली, हे आपण विसरलेलो नाही.

खरे तर पुष्कळांना जोर नव्हे, धार हवी असते. भुसा पिठासारखा पडत असेल तर साखळी बोथट आहे. धारदार साखळी ढलप्या पाडते. एक गोल कानस घ्या, प्रत्येक दात सारख्या कोनात, सारख्या वेळा घासा आणि मग करवत चालवून पाहा.

पुढच्या जिल्हा बैठकीला आपापल्या गावचा मिस्त्री घेऊन या. विक्रेत्यांकडे मराठी पुस्तिका आणि सुट्या भागांचे छापील भाव मागण्याचा ठराव तिथे मांडणार आहोत.