आधी अर्थिंग, मग गाडी

एमएच-४५ पासिंगच्या हिरव्या नंबर प्लेटा अकलूजच्या रस्त्यावर आता अधूनमधून दिसतात. हिरव्यावर पांढरे आकडे असले की गाडी घरची, पिवळे असले की भाड्याची. आमच्या घरातली जुनी डिझेल गाडी गेली आणि पांढऱ्या आकड्यांची एक आली. तेव्हापासून लग्नात, बाजारात, पतसंस्थेच्या पायरीवर जो भेटेल तो एकच विचारतो, "एका चार्जिंगमध्ये किती जाती ओ?" प्रश्न रास्तच आहे. ॲव्हरेज विचारल्याशिवाय आपण मोटारसायकलही घेत नाही. पण आपल्या भागात त्याच्याआधी दुसरं काही विचारायला हवं असं माझं ठाम मत झालं आहे : तुमच्या घराला अर्थिंग आहे का?

बहुतेक जण "आहे की" म्हणतात. बोर्डावर तीन भोकं दिसतात, म्हणून ते तसं म्हणतात. वरच्या मोठ्या भोकामागे वायर आहे का, आणि ती वायर जमिनीपर्यंत पोचते का, हे कुणी उघडून पाहिलेलं नसतं. फ्रीज त्याच्याशिवाय थंड होतो, टीव्ही लागतो, गिरणी चालते, त्यामुळे वर्षानुवर्षं कुणाचं काही अडत नाही. गाडीचा चार्जर मात्र अडून बसतो. वीज आत घेण्याआधी तो अर्थिंग तपासतो आणि ते नसलं तर लाल दिवा दाखवून थांबतो.

आमच्याकडे वायरमन आले, त्यांनी बोर्ड खोलला आणि परसातली जागा दाखवून म्हणाले, "हितं खड्डा घ्या." पुरुषभर खोल खड्डा, त्यात तांब्याची पट्टी, तिच्याभोवती कोळसा आणि मीठ यांचे थर, वर पाणी ओतायला पाइप. मीटरपासून गाडीच्या जागेपर्यंत वेगळी जाड वायर, वेगळा एमसीबी आणि झटका बसण्याआधी वीज तोडणारा आरसीसीबी. जाताना त्यांनी बजावलं की उन्हाळ्यात पाइपात पाणी घालत चला. आपली काळी जमीन मे महिन्यात भेगाळते, कोरडी पडते, आणि कोरड्या जमिनीत अर्थिंग काम करत नाही. हे सगळं गाडीसाठी केलं, पण न्हाणीघरातल्या गीझरचा जो बारीक झटका घरातल्या बायका इतकी वर्षं निमूट सोसत होत्या, तोही त्याच आठवड्यात थांबला. मला गाडीपेक्षा त्याचं समाधान जास्त वाटतं. मीटर बसवण्याइतकीच अर्थिंगची तपासणीही सक्तीने व्हायला हवी.

एकदा हे झालं की गावातलं जगणं सोपं आहे. साध्या पंधरा ॲम्पिअरच्या प्लगवर तासाला तीनेक युनिटं भरतात. लहान गाडीची बॅटरी तीस युनिटांच्या आसपास असते, म्हणजे रात्री जेवून लावली की सकाळच्या चहापर्यंत भरते. युनिटाला सहा-सात किलोमीटर सहज मिळतात. माळीनगर, वेळापूर, नातेपुते, एकादशीला पंढरपूर, एवढ्या फिरण्यात "किती जाती" हा विचारही मनात येत नाही. उसाच्या हंगामात तर ही गाडी फारच सोयीची पडते. पुढे दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, त्याच्यापुढे बैलगाड्यांची रांग, आणि आपण दहाच्या स्पीडने मागे. क्लच नाही, गिअर नाही, उभ्या उभ्या जळणारं डिझेल नाही.

मात्र तिचा आवाज नसणं मला अजून धास्तीचं वाटतं. आषाढात तुकोबांची पालखी अकलूजला येते, रिंगण होतं, तेव्हा रस्ता माणसांनी भरलेला असतो. मागून गाडी आली हे टाळमृदंगात तसंही ऐकू येत नाही, आणि या गाडीचं तर शांत गल्लीतही येत नाही. म्हाताऱ्या माणसाच्या मागे हॉर्न वाजवला की ते दचकतं. मी काच खाली करून "माउली" अशी हाक देतो, तेवढी पुरते.

बिलाचंही नीट समजून घ्यायला हवं. पेट्रोलपेक्षा स्वस्त हे खरंच आहे, पण विक्रेता सांगतो तेवढं प्रत्येक घरात नाही. महिन्याला हजार किलोमीटर चालवलं तर दीडशेच्या आसपास युनिटं वाढतात. महावितरणच्या घरगुती बिलात शंभर, तीनशे, पाचशे अशा पायऱ्या आहेत, आणि पहिल्या शंभर युनिटांचा दर आणि तीनशेच्या पुढचा दर यांत दुपटीहून जास्त फरक आहे. ज्या घरात एसी आहे, तिथे गाडीची युनिटं थेट महागड्या पायरीवर जाऊन बसतात. आपल्या जिल्ह्यात यावर उपाय डोक्यावर तळपतोच आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या संचाला ७८,००० रुपयांचं अनुदान मिळतं, आणि तेवढा संच दिवसाला साधारण बारा युनिटं देतो. घर आणि गाडी दोन्ही त्यात बरीचशी भागतात.

पुण्याच्या प्रवासाचं थोडक्यात सांगतो. प्रमाणित चाचणीतला रेंजचा आकडा आणि हायवेवरचा आकडा यांत मोठी तफावत पडते. ताशी शंभरने गेलात तर जास्तच. सत्तर-ऐंशीने, वाटेत एकदा चार्ज करत, निवांत जाता येतं. चार्जर बंद असणं, एका कंपनीचं ॲप दुसऱ्याला न चालणं, हा मनस्ताप आहे, म्हणून पुढच्या एका चार्जरपर्यंत पोचेल एवढी बॅटरी मी राखूनच ठेवतो. राज्याच्या २०२५ च्या धोरणात हायवेवर दर पंचवीस किलोमीटरला चार्जिंगची सोय करायचं ठरलं आहे. ते लवकर व्हावं. टोलमाफी एक्स्प्रेस वे, समृद्धी आणि अटल सेतूवर आहे, आपल्या सोलापूर रस्त्यावर नाही. ज्ञानोबांच्या पालखी मार्गाने गेलं तर दिवे घाट उतरताना बॅटरी चढते, एवढी बक्षिसी.

एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे-नगर धावली होती, आणि महामंडळाने २०२२ साली त्याच तारखेला त्याच रस्त्यावर विजेवरची 'शिवाई' सोडली. ठरलेला मार्ग, ठरलेलं अंतर, मुक्कामाला चार्जिंग. ती शिस्त घरच्या गाडीलाही लागू पडते.

गॅरेजवाल्यांची मला काळजी वाटते. इंजिन ऑइल, फिल्टर, क्लचप्लेट, टायमिंग बेल्ट यांवर कितीतरी घरं चालतात, आणि यातलं काहीच या गाडीत नाही. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिक गाड्यांच्या मेकॅनिकचा स्वतंत्र ट्रेड निघाला आहे. पण चाळिशीतला मिस्त्री आयटीआयला जाणार नाही. त्याला त्याच्या गॅरेजमध्ये येऊन शिकवणारं कुणी हवं, आणि ते कंपन्यांनी करावं. गाडी पेट्रोलची असो वा विजेची, आपला ऊस तर दोन्हीकडे आहे. शंकरनगरच्या कारखान्यात इथेनॉल होतं, ते पेट्रोलमध्ये जातं. बगॅस बॉयलरमध्ये जळतं, त्याची वीज होते.

माझे साडू महाळुंगच्या बाजूला वस्तीवर राहतात. परवा त्यांचा फोन आला, "पाव्हणं, कुठली घ्यावी?" मी म्हटलं, आधी रात्री शेतातल्या पाण्याच्या मोटारी चालू असताना व्होल्टेज बघा. वस्तीवरच्या घराला वीज शेतीच्याच डीपीवरून येते. रात्रपाळीची लाइट आली की सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात, आणि थ्री फेज नसेल तेव्हा कपॅसिटर लावून सिंगल फेजवर मोटार ओढणारेही असतात. साडूंनी मीटर लावला, तर १७० दाखवत होता. २३० च्या जागी १७० वर पंखा रेंगाळतो, चार्जर तर बंदच पडतो. त्यांच्या फीडरला मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून दिवसा वीज मिळाली, की मोटारी दिवसा चालतील आणि रात्रीचं व्होल्टेज घरासाठी राहील. तोवर त्यांनी क्रम ठरवला आहे : या हंगामाच्या उसाच्या बिलातून अर्थिंग आणि छतावरचं सोलर, पुढच्या बिलातून गाडी. डीपीवरचा लोड वाढवून मिळावा म्हणून शेजारच्या चार वस्त्यांच्या सह्या घेऊन अर्जही दिला आहे.