व्यवस्थापकाची खुर्ची आणि पदवीचे गणित

विशेष प्रतिनिधी, पुणे

प्रवेशाचा हंगाम जवळ आला, की पुण्यात हिंजवडीकडे जाणाऱ्या रस्त्यांवर महाविद्यालयांचे फलक झळकू लागतात. एमसीए, एमबीए (आयटी), माहिती तंत्रज्ञान व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदविका अशी नावे वेगवेगळी असतात, आश्वासन मात्र एकच. संगणकाच्या ज्ञानाला व्यवस्थापनाची जोड मिळाली, की आयटी कंपनीत कोड लिहिणाऱ्यांच्या रांगेतून उठून त्या रांगेवर देखरेख करणाऱ्याच्या खुर्चीवर लवकर बसता येईल. गेली वीस-पंचवीस वर्षे हे आश्वासन बऱ्याच अंशी खरेही ठरले. आज नेमकी तीच खुर्ची डळमळू लागली आहे.

टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने जुलै २०२५ मध्ये आपल्या मनुष्यबळात सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांहून थोडी अधिक कपात करण्याचे जाहीर केले. सहा लाखांहून अधिक कर्मचारी असलेल्या कंपनीत हा आकडा फार मोठा नाही. लक्षणीय बाब अशी, की कपातीचा रोख मुख्यतः मधल्या आणि वरच्या श्रेणींवर होता. भारतीय आयटी सेवा उद्योगाची रचना पिरॅमिडसारखी आहे. तळाशी नवपदवीधरांची मोठी फौज, तिच्यावर टीम लीडर, त्यांच्यावर प्रकल्प व्यवस्थापक. परदेशी ग्राहकाला बिल लावायचे ते माणसे आणि तास मोजून. माणसे अधिक, म्हणून त्यांना सांभाळणारेही अधिक. कामाची विभागणी, प्रगतीचे साप्ताहिक अहवाल, चाचण्यांच्या याद्या हे या मधल्या थराचे काम. यातला मोठा भाग आता सॉफ्टवेअरच करू लागले आहे. तळ अरुंद झाला, तर मधला मजला तेवढाच रुंद राहील असे मानण्याचे कारण नाही.

या विषयाचा जन्म मात्र अशा देखरेखीसाठी झाला नव्हता. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात गॉर्डन डेव्हिस यांनी १९६० च्या दशकात 'मॅनेजमेंट इन्फर्मेशन सिस्टीम्स' या विषयाची पायाभरणी केली. एखाद्या संस्थेला निर्णय घेण्यासाठी कोणती माहिती लागते आणि ती यंत्रणेतून कशी मिळवायची, हा त्यांचा प्रश्न होता. आपल्याकडे वामन जावडेकर यांचे पाठ्यपुस्तकही त्याच प्रश्नाभोवती फिरते. पुणे विद्यापीठाची 'एमसीएम' ही दोन वर्षांची पदवी अनेकांना आठवत असेल. वाणिज्य शाखेचा पदवीधर त्यातून संगणकाकडे वळे आणि हिशेबाचे भान सोबत आणी. पुढे आयटी कंपन्यांची भरती वाढत गेली, तसतसा अभ्यासक्रमांचा ओढा त्या भरतीकडे वळला. विषयाच्या नावात व्यवस्थापन उरले, पण ज्या संस्थेचे व्यवस्थापन करायचे ती डोळ्यांआड झाली.

२०२०-२१ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने एमसीएचा कालावधी तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आणला. खर्च आणि वेळ वाचला, हे स्वागतार्हच. तथापि शेवटच्या सत्राचा बराच भाग प्रकल्पात जातो, त्यामुळे वर्गातले शिक्षण जेमतेम तीन सत्रांचे उरते. संगणकाची पार्श्वभूमी नसलेल्या विद्यार्थ्याला याच काळात जोड अभ्यासक्रमही पुरा करावा लागतो. अशा धावपळीत पहिली कात्री लागते ती लेखाशास्त्र, करार, संस्थात्मक वर्तन अशा विषयांना. मुलाखतीत त्यांवर प्रश्न विचारले जात नाहीत, हे विद्यार्थ्यांना पक्के ठाऊक असते.

या विषयांचे मोल काय, हे पुणेकरांना वेगळे सांगण्याची गरज पडू नये. ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस सहकारी बँकेच्या यंत्रणेत शिरून चोरट्यांनी ९४ कोटी रुपयांहून अधिक रक्कम लांबवली. ११ ऑगस्ट रोजी, शनिवारी, काही तासांत २८ देशांतील एटीएममधून सुमारे ७८ कोटी, तर देशांतर्गत एटीएममधून सुमारे अडीच कोटी काढले गेले. १३ तारखेला 'स्विफ्ट' यंत्रणेतून जवळपास १४ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात वळवण्यात आले. एटीएमचे व्यवहार मंजूर करणाऱ्या मूळ यंत्रणेच्या जागी बनावट यंत्रणा उभी करून हे घडवले गेले. तंत्राचा भाग अभियंते समजावून सांगतील. पण अशा शनिवारी व्यवहारांवर लक्ष ठेवणे कोणाचे काम? संशय आल्यास सारी यंत्रणा बंद करण्याचा अधिकार कोणाच्या हाती? बाहेरच्या पुरवठादाराशी केलेल्या करारात जबाबदारी कशी वाटलेली असते? हे व्यवस्थापनाचे प्रश्न आहेत, आणि त्यांची उत्तरे प्रोग्रॅमिंगच्या प्रश्नपत्रिकेत सापडत नाहीत.

रिझर्व्ह बँकेने ३१ डिसेंबर २०१९ रोजी नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची चारस्तरीय चौकट आखून दिली. देशात सर्वाधिक नागरी सहकारी बँका महाराष्ट्रात आहेत. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि त्यातील मुख्य जबाबदाऱ्यांसाठी अठरा महिन्यांची मुदत दिली गेली. दंडाची कमाल मर्यादा अडीचशे कोटी रुपये आहे. रुग्णालये, शाळा, पतसंस्था, मध्यम कारखाने अशा सर्वांना आता आपल्याकडची माहिती कोठे आहे आणि कोण पाहतो, हे सांगावे लागणार. आयटी व्यवस्थापन शिकलेल्या माणसाची खरी गरज येथे आहे.

अडचण पगाराची आहे, हे मान्य केले पाहिजे. सातारा किंवा सोलापूरची एखादी बँक हिंजवडीइतके वेतन देणार नाही. कॅम्पस मुलाखतींना ती येतही नाही, आणि बोलावण्याची तसदी महाविद्यालये सहसा घेत नाहीत. माहितीपुस्तिकेत छापला जातो तो सर्वोच्च 'पॅकेज'चा आकडा. तो एकाच विद्यार्थ्याचा असू शकतो. पालकांनी विचारावी ती मधली रक्कम, म्हणजे निम्म्या विद्यार्थ्यांना ज्याहून कमी मिळाले तो आकडा, आणि एकूण किती जणांपैकी किती जणांना नोकरी लागली ते.

परदेशाचा मार्ग निवडणाऱ्यांचे गणित आणखी नाजूक आहे. २०२४-२५ मध्ये अमेरिकेत ३ लाख ६३ हजार भारतीय विद्यार्थी होते आणि गणित-संगणक शाखेकडे त्यांचा सर्वाधिक ओढा होता. पदवीनंतर तेथे एक वर्ष काम करण्याची मुभा मिळते. अभ्यासक्रम विज्ञान-तंत्रज्ञानाच्या सरकारी यादीत असेल, तर २०१६ च्या नियमानुसार आणखी दोन वर्षे. येथेच मेख आहे. 'मॅनेजमेंट इन्फर्मेशन सिस्टीम्स' हा सर्वसाधारण वर्गसंकेतांक त्या यादीत नाही. 'मॅनेजमेंट सायन्स' आणि 'आयटी प्रोजेक्ट मॅनेजमेंट' यांचे संकेतांक आहेत. दोन विद्यापीठांत जवळजवळ तेच विषय शिकणाऱ्या दोघांपैकी एकाला तीन वर्षे मिळतात, दुसऱ्याला एकच. पदवीच्या नावावर विसंबून न राहता हा संकेतांक आधी लेखी विचारून घ्यावा. त्यातच सप्टेंबर २०२५ मध्ये एच-१बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लादले गेले. तेथेच शिकून विद्यार्थी व्हिसावरून एच-१बीकडे वळणाऱ्यांना ते लागू नसल्याचा खुलासा ऑक्टोबरमध्ये झाला, पण दरम्यान अनेक घरांची झोप उडाली होती.

कर्जाचे म्हणावे तर, केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत तारण व जामीनदाराविना कर्ज मिळते, आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात तीन टक्के सवलतीची तरतूद आहे. परंतु ती निवडक संस्थांपुरतीच आहे. राष्ट्रीय क्रमवारीत स्थान नसलेल्या खासगी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्याला तिचा उपयोग नाही, आणि रस्त्यावरच्या फलकांपैकी बहुतेक फलक अशाच महाविद्यालयांचे असतात. प्रवेश घेण्यापूर्वी योजनेच्या संकेतस्थळावर महाविद्यालयाचे नाव शोधायला पाच मिनिटे पुरतात.

विद्यापीठांच्या हाती एक गोष्ट मात्र आजही आहे, ती म्हणजे शेवटच्या सत्रातला प्रकल्प. सध्या वाचनालयाची किंवा दुकानाच्या साठ्याची नोंद ठेवणारी तीच ती सॉफ्टवेअरे दरवर्षी नव्या मुखपृष्ठासह सादर होतात. काही अहवाल झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळतात, हे परीक्षकांनाही ठाऊक असते. त्याऐवजी दोन विद्यार्थ्यांची जोडी एखाद्या नागरी बँकेत, नगरपालिकेच्या रुग्णालयात किंवा चाकणच्या लघुउद्योगात चार महिने बसवता येईल. कोणती माहिती कोठे साठवली जाते, संकेतशब्द कोणाकडे आहेत, पुरवठादाराचा करार कधी संपतो, वीज गेल्यावर काय होते, एवढे जरी त्यांनी नोंदवून दिले तरी त्या संस्थेच्या ते उपयोगी पडेल. यासाठी नवा अभ्यासक्रम लागत नाही. विभागप्रमुखाने पत्र लिहावे लागते, आणि समोरच्या संस्थेने दोन खुर्च्या मोकळ्या करून द्याव्या लागतात.