पोरीचा नाद



बियाण्याच्या कामासाठी साखरशेतला गेलो होतो, तिथली ही गोष्ट. खळ्यावर नागलीची कणसे वाळत घातलेली. घरातली आठ-नऊ वर्षांची पोर ढिगात बसून कणसे इकडची तिकडे करीत होती. "अगं, माल विखरू नकोस," असे मी खेकसलो. ती गप्पकन उठून गेली. मग खाली पाहिले, तर तीन वाटे! मुठीसारखी घट्ट, भरलेली कणसे एकीकडे, बोटे फाकलेली दुसरीकडे, रोगट तिसरीकडे. बियाण्याची कणसे कशी निवडावीत हे दाखवायला मी गेलो होतो, ते काम पोरीने आधीच करून ठेवले होते. आईला विचारले, हिला कुणी शिकवले? म्हणाली, "कोण शिकवणार साहेब? तिला नादच आहे तो."

शेतकीची पदवी घेतलेला मी, मान खाली घातली.

नाद हा शब्द आपण नेहमी तक्रारीने वापरतो. आपल्याच जिल्ह्यात, डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनाही नादच होता. जन्म १९३४ सालचा. लहानपणी आई गेली आणि त्या धक्क्याने पोराचे बोलणे तुटले. काही सांगायचे तर मातीत चित्र काढून सांगायचे. आपल्या घरी असे पोर असते तर आपण भगताकडे नेले असते, नाहीतर मुके म्हणून गुरांमागे धाडले असते. खरे ना? त्यातून लग्नाचा चौक लिहायचा तो बायांनी, ही वारल्यांची रीत. हा गडी मात्र लग्न नसतानाही चित्रे काढीत राहिला. तांदळाचे पीठ आणि बांबूची काडी, एवढेच सामान. सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार कागद घेऊन पाड्यांवर आले, तेव्हा मशे चाळिशीला टेकले होते. १९७६ साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ साली पद्मश्री. २०१८ साली ते वारले.

चाळीस वर्षे वाट पाहणारे जिव्या एखादेच. बाकीच्यांचे हात तोवर दुसऱ्याच कामाला लागलेले असतात. म्हणून सांगतो, पोराला काम सांगण्याआधी आठ दिवस नुसते पाहा. रिकामा वेळ मिळाला की ते काय हातात घेते? रागावले तरी पुन्हा कशाकडे वळते? शाळेच्या गुरुजींनाही तेच विचारा, मार्कांचे नंतर.

दिवाळी झाली की निम्मा पाडा वीटभट्टीवर निघतो आणि पोरेही बरोबर जातात. पोटासाठी जाणाऱ्याला मी नावे ठेवणार नाही. पण पोर आजीपाशी राहील का, आश्रमशाळेत जागा मिळेल का, एवढे निघण्याआधी विचारून पाहा. भट्टीवर पोराच्या हाती विटाच येतात.

त्या पोरीने निवडलेली कणसे आईने वेगळ्या कणगीत ठेवली आहेत. पोरीला मागे ठेवायचे की न्यायचे, हे मात्र घरात अजून ठरलेले नाही. परवा मी पुन्हा साखरशेतला जाणार आहे, तिच्या आजीशी बोलायला.