मागे घेता येतो तो परवाना मोकळा कसला?

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ विझर्ड्स ऑफ द कोस्ट कंपनीचा. मग त्याच्या नियमांवर पुस्तकं काढून इतरांनी पैसे का कमवावेत? २०२३च्या जानेवारीत इतरांना हे नियम वापरू देणाऱ्या कंपनीच्या नव्या परवान्याचा मसुदा बाहेर फुटला, तेव्हा तिची बाजू घेणाऱ्यांचा हा पहिला सवाल होता. ऐकायला तो बिनतोड वाटतो, पण त्यात दोन निराळ्या गोष्टींची गल्लत आहे. खेळाचं नाव, बोधचिन्ह, चित्रं, कथा, पुस्तकातला मजकूर हे सारं कंपनीचं, याबद्दल वाद नाही. मात्र वीस पैलूंचा फासा टाकायचा, पडलेल्या आकड्यात आपल्या पात्राच्या बळाचा आकडा मिळवायचा आणि बेरीज समोरच्याच्या चिलखताच्या आकड्याला पोचली की घाव बसला असं धरायचं, ही रीत कुणाची जहागीर नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘बेकर विरुद्ध सेल्डन’ खटल्यात १८७९ सालीच हे सांगून ठेवलं आहे: हिशेबाची पद्धत समजावणाऱ्या पुस्तकावर लेखकाचा कॉपीराइट, पद्धतीवर नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९७८ साली आर. जी. आनंद खटल्यात कल्पना आणि मांडणी यांत हाच भेद केला.

शिवाय हा खेळ तरी कुठे आभाळातून पडला? गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली तो काढला, तेव्हा त्यात टोल्किनचे हॉबिट सरळ नावानिशी वावरत होते. हक्कदारांनी डोळे वटारल्यावर त्यांचे ‘हाफलिंग’ झाले. उसनवारीवर उभ्या राहिलेल्या घराण्याने शेजाऱ्याला चोर म्हणावं, हे जरा जास्तच होतं.

दुसरा आक्षेप याहून हुशार आहे. नियम कुणाचेच नसतील, तर परवाना हवाच कशाला? कायद्याने जे आधीच मोकळं आहे ते ‘देऊन’ कंपनी फुकटचा मोठेपणा मिळवते, असं हे लोक म्हणतात. अर्धं खरं आहे. पण एखाद्या मंत्राचं वर्णन घ्या. आगीचा गोळा किती फुटांवर जातो, किती फाशांची इजा करतो, हा नियम झाला. तो ज्या वाक्यांत सांगितला आहे, ती मांडणी. या दोहोंमधली रेघ नेमकी कुठे पडते ते कोर्टच ठरवणार, आणि चार जणांच्या प्रकाशनाला कोर्टाची पायरी परवडत नाही. खेळाची पहिली मालक कंपनी टीएसआर हिने नव्वदीच्या दशकात मेफेअर गेम्सला असंच कोर्टात खेचलं होतं. म्हणून मोकळ्या परवान्याची खरी किंमत ‘आम्ही तुमच्यावर दावा लावणार नाही’ या वचनात आहे. त्या वचनाचा मोबदलाही कंपनीने वसूल केला होता: परवाना घेणाऱ्याला आपल्या पुस्तकावर ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्ससोबत चालेल’ असं वेगळ्या परवानगीशिवाय छापता येत नसे. टीकाकारांचा हा मुद्दा मला मान्य आहे.

फुकट वाटल्याने नुकसान होतं, हा तिसरा आक्षेप तर इतिहासानेच खोडला. २००० साली कंपनीतल्याच रायन डॅन्सी यांच्या पुढाकाराने ‘ओपन गेम लायसन्स’ आलं, ते मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्यांचा धडा गिरवूनच. इतरांनी साहसकथा लिहाव्यात, खेळणारे वाढावेत आणि मूळ नियमपुस्तक आपण विकावं, असा साधा व्यापारी हिशेब होता. रद्दीही भरपूर छापली गेली, हे खरं. पण रद्दी कुठल्या धंद्यात छापली जात नाही? २००८ साली चौथी आवृत्ती काढताना कंपनीने हात आखडता घेतला आणि नवा, जाचक परवाना पुढे केला. ज्या पायझो या प्रकाशन कंपनीने २००७पर्यंत याच खेळाची ‘ड्रॅगन’ आणि ‘डन्जन’ ही मासिकं चालवली, तिने जुन्या मोकळ्या नियमांवर २००९मध्ये ‘पाथफाइंडर’ हा खेळ उभा केला. दार उघडं होतं तोवर पायझो सहकारी होती. ते लावून घेतल्यावर ती प्रतिस्पर्धी झाली. कंपनीला हे उमगलं असावं, कारण पाचव्या आवृत्तीचे नियम तिने २०१६मध्ये पुन्हा मोकळे केले.

आणि तरीही २०२३! जुन्या परवान्यात ‘कायमस्वरूपी’ हा शब्द होता, ‘अपरिवर्तनीय’ नव्हता. आणि त्याची कुठलीही ‘अधिकृत’ आवृत्ती वापरण्याची मुभा होती. नव्या मसुद्याने जुनी आवृत्ती अनधिकृत ठरवायचा घाट घातला. वर्षाला साडेसात लाख डॉलरच्या पुढच्या उलाढालीवर २५ टक्के रॉयल्टी मागितली. इतरांनी लिहिलेला मजकूर स्वतः वापरण्याचा हक्कही कंपनीने मागून घेतला, आणि तो मात्र कायमस्वरूपी आणि अपरिवर्तनीय! द्यायच्या वेळी विसरलेला शब्द घ्यायच्या वेळी बरोबर आठवला.

द्वेषमूलक मजकूर रोखण्यासाठी हे केलं, असा खुलासा आला. हेतू चांगला असेल. पण त्यासाठी चतुर्थांश उलाढाल कशाला लागते? कंपनीने घेतलेल्या सर्वेक्षणात १५ हजारांहून अधिक लोक बोलले आणि त्यांपैकी ८८ टक्क्यांनी गदारोळानंतर आणलेल्या सुधारित मसुद्याखाली काही छापायला नकार दिला. २७ जानेवारीला कंपनीने माघार घेतली. जुना परवाना तसाच ठेवला आणि वर पाचव्या आवृत्तीचा नियमसंग्रह क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ‘सीसी-बाय ४.०’ परवान्याखाली खुला केला. त्यात द्वेषाविरुद्ध एकही कलम नाही.

माझ्या मते योग्य मार्ग हाच आहे. परवान्याचा मजकूर त्रयस्थ संस्थेचा असावा, तो मागे घेता येऊ नये आणि त्यात श्रेयापलीकडे अट नसावी. पायझोने पुढाकार घेतलेला ‘ऑर्क’ परवानाही मागे घेता येत नाही. पण तो वापरणाऱ्याने रचलेले नवे नियमही आपसूक खुले होतात. ही सक्ती मला पटत नाही. मोकळीक ऐच्छिक असावी.

कुणा मराठी लेखकाला आज या नियमसंग्रहाचं भाषांतर करून, त्यात सह्याद्रीतले गड आणि कोकणातली भुतं घालून पुस्तक विकायचं असेल, तर कंपनीला विचारायची गरज नाही. मूळ नियमांचं श्रेय द्या, बदल केल्याचं नमूद करा, परवान्याचा उल्लेख करा आणि त्यांचं बोधचिन्ह मुखपृष्ठावर घेऊ नका. एवढं केलंत की छापायला मोकळे.