आत कोण बघणार?

गेले सात महिने हा एकच प्रश्न ऐकतोय. घरच्यांनी विचारला, ऑफिसातल्यांनी विचारला, खालच्या मजल्यावरच्या काकांनी तर तीनदा विचारला. त्यांचं एक वेळ सोडा. पण जे स्वतः मॉडेलं करतात, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत रणगाड्याच्या पट्ट्याची एकेक कडी चिकटवत बसतात, तेही हेच विचारायला लागले तेव्हा म्हटलं, आता लिहायलाच पाहिजे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मी शर्मन रणगाड्याचं १/३५ मापाचं मॉडेल करतोय. अमेरिकन, १९४३ सालचा, पाच माणसांचा. किटमध्ये फक्त बाहेरचं कवच मिळालं. आतल्या खुर्च्या, तोफेची मागची बाजू, गोळ्यांच्या मांडण्या, गिअरबॉक्स, वायरलेस हे सगळं मी प्लास्टिकची शीट, जुन्या इअरफोनमधली तांब्याची तार आणि औषधाच्या पाकिटांचा चंदेरी कागद यातून करतोय. सगळं झालं की वरचा भाग खालच्या भागावर चिकटवायचा. आणि मग आतलं जवळजवळ काहीच दिसणार नाही. टरेटच्या झाकणातून टॉर्च मारला तर कमांडरची खुर्ची दिसेल, फार तर.

तर प्रश्न असा की दिसणारच नाही ते करायचं कशाला? आणि माझं उत्तर असं की रणगाडा म्हणजेच ते न दिसणारं. बाहेर जे दिसतं ते नुसतं झाकण आहे.

हे उगाच टाळ्या घ्यायला म्हणत नाहीये. शर्मनकडे नीट बघा. हा रणगाडा नको इतका उंच आहे. २.७४ मीटर! इतकं मोठं निशाण शत्रूला कोण देईल? सगळी पुस्तकं उंचीवरून त्याला नावं ठेवतात. पण आत शिरलात की कारण समजतं. मागे विमानाचं नऊ सिलिंडरचं गोल इंजिन, गिअरबॉक्स मात्र पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी. मधून जाणारा शाफ्ट थेट टरेटमधल्या माणसांच्या पायांखालून जातो. मग ती माणसं वर सरकली आणि त्यांच्याबरोबर अख्खा रणगाडा वर सरकला. म्हणजे बाहेरचा आकार आतून ठरलाय. हे न कळता तो आकार हुबेहूब उतरवणं म्हणजे न समजणाऱ्या भाषेतलं पान सुंदर अक्षरात उतरवून काढणं.

दुसरं उदाहरण घ्या. १९४३ नंतरच्या पुष्कळ शर्मनच्या अंगावर चौकोनी ठिगळं दिसतात. इंचभर जाडीच्या पोलादी पाट्या, उजव्या बाजूला दोन आणि डाव्या बाजूला एक. आमचे मॉडेलवाले मित्र ती ठिगळं अतिशय निगुतीने लावतात. वेल्डिंगची रेघसुद्धा पोटीन ओढून दाखवतात. का लावलीत विचारा. "फोटोत आहेत." अरे बाबांनो, त्या पाट्यांच्या बरोब्बर मागे तोफगोळ्यांच्या मांडण्या आहेत! कवच फुटून आत काही आलं की गोळ्यांचं दारूसामान पेटायचं, म्हणून कारखान्यांनी बाहेरून पोलाद डकवलं. ठिगळ बाहेर, भीती आत. तुम्ही ठिगळ केलंत आणि भीती गाळलीत.

ही आगीची गोष्ट जरा नीट सांगतो, कारण माझ्या भांडणाचं मूळ तिथेच आहे. शर्मन पेटायचा याचं खापर वर्षानुवर्षं पेट्रोलच्या इंजिनावर फुटत आलंय. अजूनही गप्पांत हेच ऐकू येतं. पण आगीचं मुख्य कारण होतं ते बाजूंच्या कप्प्यांत ठेवलेले गोळे. मग १९४४ पासून नव्या शर्मनमध्ये हे गोळे उचलून खाली जमिनीलगत, पाणी भरलेल्या पेट्यांमध्ये ठेवले जाऊ लागले. १९४५ च्या अमेरिकी लष्कराच्या पाहणीत असं दिसलं की कवच फुटलेल्या जुन्या पद्धतीच्या रणगाड्यांपैकी ६० ते ८० टक्के पेटले होते आणि नव्या पद्धतीच्या फक्त १० ते १५ टक्के. एवढी माणसं कशाने वाचली? सामान इकडचं तिकडे ठेवल्याने. आतलं कपाट बदलल्याने! आणि आपण तासन् तास वाद कशावर घालतो, तर कोणाचं कवच किती मिलिमीटर.

आता माणसांकडे येतो. ज्या कड्यावर टरेट फिरतं त्याचा व्यास ६९ इंच. १/३५ मापात म्हणजे ५ सेंटीमीटर, कटिंग चहाच्या ग्लासच्या तोंडाएवढा. त्या गोलात तीन माणसं बसवायची आणि मधोमध तोफेची मागची बाजू, जी गोळा सुटला की झटक्यात मागे येते. गनर उजवीकडे पुढे. त्याच्या मागे, थोडा वर, कमांडर. डावीकडे लोडर. लोडरचं काम म्हणजे ७५ मिलिमीटरचा गोळा उचलून तोफेत घालायचा. एका गोळ्याचं वजन साधारण ९ किलो. वर्षाचं मूल असतं ना, तेवढं. तेवढं वजन चालत्या, हिंदकळणाऱ्या डब्यात उचलायचं, पुन्हा पुन्हा, धुरात.

आणि सुरुवातीच्या शर्मनमध्ये या लोडरला स्वतःचं झाकणच नव्हतं. टरेटला झाकण एकच, कमांडरच्या डोक्यावरचं. आग लागली तर आधी कमांडर, मग गनर आणि शेवटी हा, तोफेच्या पलीकडून वाट काढत. पुढच्या शर्मनना लोडरसाठी वेगळं लंबगोल झाकण आलं. बाहेरून बघणाऱ्याला तो एक किरकोळ फरक आहे, "अर्ली" आणि "लेट" ओळखायची खूण. पण आतलं करायला बसलात, लोडरची जागा कापून चिकटवलीत आणि तिथून बाहेर पडायचा रस्ता बोटाने शोधलात, की समजतं खूण कसली आहे ती.

हे मी वाचलेलं होतं. पण वाचणं वेगळं आणि चिमट्यात धरून बसवणं वेगळं. खुर्ची बसवली की गुडघे कुठे जातील हे बघावं लागतं. मांडणी बसवली की हात पोचतो का हे बघावं लागतं. आत पांढरा रंग का, तर अंधाऱ्या डब्यात जो काही उजेड असेल तो पसरावा म्हणून. आणि झाकणांची आतली बाजू मात्र बाहेरच्यासारखी हिरवी, कारण झाकण उघडलं की पांढरं लांबून चमकेल. अशा एकेका रंगामागे कोणाचा तरी जीव आहे. नुसतं बाहेरचं मॉडेल करताना या रंगाच्या बाटल्या उघडायचीसुद्धा वेळ येत नाही.

आमच्या छंदाचा इतिहासही मजेदार आहे. हे १/३५ माप आलं कुठून? १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या तामिया कंपनीने मोटरवर चालणारा पँथर रणगाडा काढला. त्याचा आकार ठरला आत बॅटरीचे दोन सेल मावतील असा. नंतर मोजलं तर मूळच्या साधारण १/३५ भरलं आणि तेच माप रूढ झालं. म्हणजे आम्ही सगळे जे माप देवाघरून आल्यासारखं पाळतो, ते बॅटऱ्यांच्या सोयीने ठरलंय! जिथे माणसं बसायची तिथे सेल बसले. पुढे सेल गेले, पण त्या रिकाम्या जागेत माणसं परत आली नाहीत. आता कुठे युक्रेनमधल्या मिनिआर्टसारख्या कंपन्या आतल्या सामानासकट किट काढायला लागल्यात, तर त्यावरही आमचे लोक नाक मुरडतात. "उगाच तुकडे वाढवलेत."

आणि हा रोग फक्त मॉडेलवाल्यांचा नाही. गावोगावी चौकात, कॅन्टोन्मेंटच्या दारात चौथऱ्यावर रणगाडे ठेवलेले असतात. पोरांना वर चढवून फोटो काढतो आपण. तोफेची नळी दिसते, पट्टे दिसतात, खाली पाटी दिसते. झाकणं कायमची बंद. अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) १९९४ साली सुरू झालेलं रणगाड्यांचं संग्रहालय आहे. जरूर बघा, मुलांना दाखवा. पण तिथून बाहेर पडणाऱ्या दहाजणांना विचारा, यात किती माणसं बसायची? किती जणांना सांगता येतंय बघा.

हाच शर्मन आपल्याकडेही होता. सप्टेंबर १९६५ मध्ये असल उत्तरच्या लढाईत डेक्कन हॉर्सची माणसं शर्मनमध्येच बसून पाकिस्तानच्या पॅटनसमोर उभी होती. आणि पुण्यात जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल १६ डिसेंबर १९७१ ला सेंच्युरियन रणगाड्यात लढता लढता गेले, वय २१. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. हे नाव प्रत्येकाला माहीत असायलाच हवं. पण सेंच्युरियन चौघांनी चालतो. त्या दिवशी त्या डब्यात आणखी तिघे होते हे आपल्या डोक्यात कधी येतं का? येत नाही, कारण आपल्या डोक्यातला रणगाडाही कवचापुरताच आहे. एक यंत्र, एक तोफ, एक वीर. टीव्हीसमोर बसून "घुसवा रणगाडे!" म्हणणं मग फार सोपं जातं. घुसवायचं ते लोखंड, आत कोणी नाहीच!

आता समोरच्यांची बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल एकतर्फी बोलतोय. मॉडेल ही बघायची वस्तू आहे, वेळ आणि पैसा मर्यादित आहे, आणि झाकण बंद करून केलेलं उत्तम मॉडेलही उत्तमच असतं. अगदी मान्य. सगळ्यांनी आतलं करावं असा फतवा मी काढत नाहीये. माझा राग "करत नाही" यावर नाही, "काय गरज आहे" यावर आहे. आणि आतलं करणारेही सगळे धुतल्या तांदळाचे नाहीत. काहीजण आतून असं चकचकीत पांढरं करतात की मॉड्युलर किचनची जाहिरात वाटावी :) बुटांनी घासलेली कड नाही, तेलाचा डाग नाही. ते तर बाहेरच्या मॉडेलपेक्षाही खोटं.

"दिसत नाही ते कशाला" हे आपलं तत्त्वज्ञान असेल तर ते आपण बाकी कुठे पाळतो? आत्या, हा प्रश्न सगळ्यात आधी तू विचारलास म्हणून तुलाच विचारतो. भरतकामाचा रुमाल हातात आला की तू पहिल्यांदा काय करतेस? उलटा करून बघतेस! मागे गाठी आणि लोंबते दोरे दिसले की तोंड वाकडं करतेस. आणि दिवाळीत अंगणात किल्ला करायचो तेव्हा आठवतं ना, त्याला गुहा लागायचीच. कोपरापर्यंत हात घालून ती आतून कोरायची, आत वाघ ठेवायचा. वाघ धड दिसायचा नाही. पण आत वाघ नसलेला किल्ला आम्हाला नुसता मातीचा ढीग वाटायचा. सहा वर्षांच्या पोराला जे कळतं ते चाळिशीत "काय गरज आहे" म्हणून सोडून द्यायचं?

असो. कामाचं सांगतो. गिअरबॉक्स आणि पुढच्या दोन जागा झाल्यात, सहायक ड्रायव्हरच्या मागचं जमिनीतलं सुटकेचं झाकणही झालंय. टरेटमधली लोडरची बाजू आणि साठेक गोळे बाकी आहेत. एकेक गोळा जेमतेम दोन सेंटीमीटरचा, त्यामुळे अजून महिनाभर तरी जाईल. त्यानंतर वरचा भाग कायमचा चिकटवणार आहे. उघडता येईल असा ठेव, असं दोघांनी सुचवलं, पण नाही. खऱ्याला तसं छप्पर उचलता येत नव्हतं.

तेव्हा ज्यांना आत बघायचं असेल त्यांनी महिनाभरात घरी यावं. येताना चष्मा आणा. टॉर्च माझ्याकडे आहे.