ब्राउझर स्वदेशी, भरवसा कोणाचा?

जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने रशियावरील निर्बंधांच्या यादीत नायरा एनर्जीचे नाव घातले. रोसनेफ्टचा मोठा हिस्सा असलेल्या या कंपनीचा तेलशुद्धीकरण कारखाना गुजरातेत वाडिनार येथे आहे आणि भारत असले एकतर्फी निर्बंध मानत नाही. तरीही काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने कंपनीची ई-मेल व अन्य सेवा बंद केली. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेल्यावर ती पूर्ववत झाली. ब्रसेल्समधील एका ठरावाने वाडिनारचा पत्रव्यवहार ठप्प होऊ शकतो, हा धडा राजधानीतील बाबूमंडळींना त्या आठवड्यात मिळाला. ऑक्टोबरमध्ये केंद्राच्या सुमारे बारा लाख कर्मचाऱ्यांची ई-मेल झोहोच्या यंत्रणेवर गेल्याचे वृत्त आले, तेव्हा स्वदेशीचा गजर झाला तो समजण्यासारखा होता; भले त्याचा करार २०२३ मधलाच असो.

ब्राउझरच्या बाबतीत मात्र हा गजर जरा थांबवून विचार केला पाहिजे. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाने २०२३ मध्ये भारतीय ब्राउझरसाठी स्पर्धा जाहीर केली, मार्च २०२५ मध्ये निकाल लागला आणि एक कोटी रुपयांचे पहिले पारितोषिक झोहोला मिळाले. स्पर्धेची एक अट महत्त्वाची होती. प्रमाणन प्राधिकारी नियंत्रकांचे, म्हणजे भारत सरकारचे, मूळ प्रमाणपत्र या ब्राउझरने विश्वसनीय मानले पाहिजे. समोर उघडलेले संकेतस्थळ खरोखर त्याच बँकेचे वा खात्याचे आहे काय, हे ब्राउझर प्रमाणपत्रावरून ठरवतो आणि कोणाचे प्रमाणपत्र मानायचे याची यादी गूगल, अ‍ॅपल, मायक्रोसॉफ्ट, मोझिला अशा मोजक्या संस्थांच्या हाती आहे. त्यांना हा अधिकार कोणत्याही संसदेने दिलेला नाही, हा आक्षेप खराच.

पण ही अट घालण्याची वेळ का आली? जुलै २०१४ मध्ये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या प्रमाणन यंत्रणेतून गूगलच्याच नावाची बनावट प्रमाणपत्रे निघाल्याचे उघड झाले. अशा प्रमाणपत्राच्या आधारे मधल्या माणसाला दुसऱ्याची पत्रे वाचता येतात. प्रमाणपत्र देण्याच्या प्रक्रियेतच शिरकाव झाल्याचे नियंत्रकांनी कळवले आणि अशी चारच प्रमाणपत्रे निघाल्याचे सांगितले. त्या चारांत नसलेलीही आपल्याला ठाऊक आहेत, असे गूगलने जाहीरपणे म्हटले आणि क्रोममध्ये भारताच्या मूळ प्रमाणपत्राची मान्यता सरकारी व मोजक्या संकेतस्थळांपुरती आवळली. यात वसाहतवादी दुजाभाव शोधणे सोयीचे आहे. परंतु नेदरलँड्समधील डिजिनोटार २०११ मध्ये अशाच प्रकारात ब्राउझरांच्या यादीतून गेली व दिवाळखोर झाली. सिमँटेकसारख्या बड्या अमेरिकी कंपनीच्या प्रमाणपत्रांनाही गूगलने पुढे बाद केले. द्वारपाल स्वयंघोषित असेल, पण २०१४ मध्ये त्याने पाहुण्याला विनाकारण अडवले नव्हते. आता पाहुणा स्वतःचे दार बांधू पाहतो आहे. (झोहोचा ‘उला’ ब्राउझर गूगलच्याच क्रोमियमच्या पायावर उभा आहे, हे जाता जाता.)

बड्या कंपन्या निर्दोष आहेत असे नव्हे. २०२३ मध्ये चिनी हेरांनी मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमधून अमेरिकी अधिकाऱ्यांची पत्रे वाचली. ती चोरी परराष्ट्र खात्याच्या लक्षात आली, कारण त्या खात्याने जादा पैसे मोजून अधिक तपशिलाच्या नोंदी घेतल्या होत्या. ज्यांनी मोजले नाहीत त्यांना सुगावाही लागण्याचा मार्ग नव्हता. टीका झाल्यावर कंपनीने त्या नोंदी बऱ्याच प्रमाणात खुल्या केल्या. सरकारनियुक्त मंडळाने एप्रिल २०२४ मध्ये जाहीर अहवाल काढून ही चोरी टाळता आली असती, असे कंपनीला सुनावले. ट्रम्प प्रशासनाने जानेवारी २०२५ मध्ये त्या मंडळाच्या सदस्यांना घरी पाठवले, तरी अहवाल मागे उरला.

दिल्लीत नेमकी याचीच वाण आहे. सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटनेची खबर सहा तासांत द्यावी लागते आणि नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. बँकेला, रुग्णालयाला, क्लाउड कंपनीला यातून सुटका नाही. त्या खबरींचे पुढे काय झाले, हे मात्र नागरिकाला विचारता येत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये सरकारने सर्ट-इनला माहिती अधिकार कायद्याच्या कक्षेतून वगळले.