पानांवरची धूळ

पावसाळा सरला की घुग्घुस, बल्लारपूर परिसरातील कोळसा वाहतुकीच्या रस्त्यांकडेची झाडे हिरवी कमी अन् करडीच जास्त दिसतात. हा केवळ देखाव्याचा प्रश्न नाही.

पानांच्या पेशींत हरितलवके असतात. त्यांच्या आत नाण्यांच्या चळतीसारख्या पातळ चकत्या रचलेल्या असतात. त्यामुळे इवल्याशा जागेत हरितद्रव्याला प्रकाश टिपायला मोठा पृष्ठभाग मिळतो. चकत्यांनी पकडलेली ऊर्जा वापरून भोवतालच्या द्रवात कार्बन डायऑक्साइडपासून साखर तयार होते. धुळीचा थर प्रकाश अडवतो, पर्णरंध्रे बुजवतो. मग ही सारी यंत्रणा शाबूत असूनही तिचे काम मंदावते.

वर्धा खोऱ्यातला कोळसा म्हणजे २५ कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या वनस्पतींनी साठवलेले ऊन. आज त्याचीच धूळ जिवंत पानांचे ऊन अडवते आहे. सुरजागडच्या लोहखनिजाची वाहतूक गडचिरोलीच्या जंगलातून होते. तिथे तरी ही वेळ येऊ नये. ताडपत्रीने नीट झाकलेले ट्रक आणि रस्त्यांची नियमित सफाई एवढे तरी व्हायलाच हवे. हवेतली धूळ मोजली जाते. रस्त्यालगतच्या पिकांच्या आणि झाडांच्या पानांवर किती धूळ बसते, तेही प्रशासनाने मोजावे.